बालसंरक्षणाचे काम आणि आपला समाज

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमचा विषय छापून आल्यापासून दोघातिघांनी विचारले, की बँकेतल्या कारकुनाचा आणि बालसंरक्षणाचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही समाजकार्याची पदवी घेतलेली नाही. आमची पदवी कला शाखेची. परंतु बाल संगोपन योजनेतील मुलांची खाती आमच्या काउंटरवर उघडली जातात. वडील वारलेले, आई धुणीभांडी करणारी, किंवा दोघेही नाहीत आणि आजी सांभाळते, अशी मुले पासबुक घ्यायला येतात. या खात्यांच्या निमित्ताने जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम करणाऱ्या एका वरिष्ठ सामाजिक कार्यकर्तीशी आमची ओळख झाली. पुढे आपल्या संस्थेचे आम्ही चारपाच जण त्यांच्याकडून हे काम समजून घेत गेलो. त्यांना आम्ही ताई म्हणतो आणि येथेही तसेच म्हणू. एवढ्या दिवसांत त्यांनी एकाही मुलाचे नाव आम्हांला सांगितलेले नाही. तसे सांगणे हा कायद्याच्या ७४ व्या कलमाने गुन्हा आहे. आज आम्ही जी उदाहरणे देऊ, त्यांचे तपशील म्हणूनच बदललेले आहेत. कोणाचे असेल याचा अंदाज बांधत बसू नये, ही विनंती.

आपल्या वस्त्यांतून या खात्याचे एकच नाव माहीत आहे : रिमांड होम. पोर ऐकत नसले की आई म्हणते, रिमांडात टाकीन. या एका शब्दाने या कामाची जेवढी बदनामी केली, तेवढी आणखी कशानेही केली नसेल. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ साली निघाली, १९२४ साली मुंबई प्रांताचा बालकांविषयीचा कायदा आला आणि १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. त्या काळी चुकार मूल आणि निराधार मूल यांत फारसा भेद केला जात नसे. दोघांनाही एका छपराखाली कोंडले जाई. देशभरासाठी एकच कायदा १९८६ साली झाला, तो २००० साली बदलला आणि सध्या चालतो तो २०१५ चा बाल न्याय अधिनियम. या कायद्याने दोन वाटा स्वच्छ वेगळ्या केल्या. ज्याच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप आहे ते विधी संघर्षग्रस्त बालक. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. ज्याला कोणी नाही, ज्याला मारले जाते, भीक मागायला लावले जाते, ज्याचे लग्न लावले जात आहे, ते काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक. त्याचे प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाते. ताईंचे काम मुख्यतः या दुसऱ्या मुलांचे आहे.

मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला समितीपुढे हजर करावे लागते. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत एक तरी स्त्री असलीच पाहिजे. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. परंतु समिती वस्तीत जाऊन घर पाहत नाही. ती पाहते कागद. तो कागद म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. कार्यालयात त्याला गृहचौकशी म्हणतात. तो १५ दिवसांत द्यावा लागतो आणि त्या चारसहा पानांवर मूल आईकडे जाणार, मामाकडे जाणार की बालगृहात राहणार, हे बरेचसे ठरते. बँकेत कर्जाच्या फाईलवर पाहणी अहवाल असतो, तो चुकला तर पैसे बुडतात. हा चुकला तर काय बुडते, ते सांगायला नको.

वरिष्ठ म्हणून ताईंचे मोठे काम म्हणजे नव्या कार्यकर्त्यांचे असे अहवाल तपासणे. एका अहवालाची हकीगत त्यांनी सांगितली. नुकताच पदवी घेऊन आलेला मुलगा, हुशार, अक्षर सुरेख. त्याने लिहिले होते : घर पत्र्याचे, एका खोलीचे, आई अशिक्षित, वस्ती झोपडपट्टीची, परिसर अस्वच्छ, सबब बालकास संस्थेत ठेवावे. ताईंनी अहवाल परत दिला आणि विचारले, स्वयंपाक कोण करते? मूल रात्री कोणाजवळ झोपते? पडले, लागले, तर रडत कोणाकडे धावते? शाळेत सोडायला कोण जाते? आई कामावर गेल्यावर शेजारचे कोण लक्ष ठेवते? त्याच्याकडे एकाचेही उत्तर नव्हते. तो पुन्हा गेला. दुसऱ्या अहवालात पत्रे तेच होते, गटार तेच होते. पण आई पहाटे उठून दोन डबे करून जाते, शेजारची म्हातारी दुपारी मुलाला जेवू घालते आणि मास्तरांच्या हजेरीपटावर महिन्यात एकच खाडा आहे, एवढी भर पडली. मूल आईकडेच राहिले.

मित्रहो, या ठिकाणी थोडे थांबायला हवे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, असे तत्त्व कायद्यानेच घालून दिले आहे. परंतु तत्त्व पाळणारा माणूस कोणत्या घरातून आला आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. ज्याने एका खोलीत सात माणसे कशी झोपतात हे पाहिलेले नाही, त्याला गरिबी म्हणजेच हेळसांड वाटते. आपल्यापैकी किती जणांच्या लहानपणीच्या घराची गृहचौकशी कागदावर धड दिसली असती? कंदिलाखाली अभ्यास, नळावर रांग, वडील रात्रपाळीला आणि आई शेतावर किंवा बांधकामावर. त्या कागदाच्या हिशोबाने आपण सारे बालगृहातच जायचे. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो, की या खुर्च्यांवर आपल्या वस्त्यांतून शिकलेली मुलेमुली बसली पाहिजेत. उपकार म्हणून नव्हे. त्यांना घर वाचता येते म्हणून.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. पक्की इमारत आणि गोड बोलणे यांनीही फसायचे नसते. कोविडमध्ये आई आणि वडील दोन्ही गेलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने २०२१ साली ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. ती रक्कम मुलाची २१ वर्षे पूर्ण झाल्यावर त्याच्या हाती यायची. निर्णय चांगलाच होता. पण त्यानंतर काही अनाथ मुलांना एकाएकी पुष्कळ नातेवाईक फुटले. ताईंकडे आलेल्या अशा एका प्रकरणात एका बाजूला भाजी विकणारी आजी, दुसऱ्या बाजूला दुमजली घर असलेला चुलता. चुलत्याने मुलासाठी नवे कपडे आणले, समितीपुढे डोळे पुसले. ताई त्याच्या घरी तीनदा गेल्या, त्यांतून एकदा न कळवता संध्याकाळी. मुलाचे दप्तर कोठे ठेवणार, असे त्यांनी विचारले, तर घरात कोणालाच सांगता येईना. ठेव मुदतीआधी मोडता येते का, हे मात्र त्या गृहस्थाने पहिल्याच भेटीत विचारून घेतले होते. असा प्रश्न आमच्या काउंटरवरही येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून आम्हांला सहसा ओळखू येते. मूल आजीकडे राहिले. आजीचे वय पाहता पुढे तिला काही झाले तर कोण, हा प्रश्न ताईंनी आधीच काढला आणि दोन गल्ल्या पलीकडच्या मावशीचे नाव, तिची संमती घेऊन, अहवालात घातले. वरिष्ठपण म्हणतात ते हेच असावे. आजचा निर्णय पाच वर्षांनी कोठे अडखळेल, ते आज दिसणे.

हे ऐकताना आम्हांला सोपाकाची कथा आठवली. थेरगाथेच्या अट्ठकथेत ती आहे. बाप लहानपणीच वारलेला, सात वर्षांचा हा पोर चुलत्याजवळ वाढत होता. चुलत्याने त्याला रात्री स्मशानात नेले आणि प्रेताला बांधून ठेवून दिले. आई रात्रभर शोधत राहिली, चुलत्याने कानांवर हात ठेवले. तथागतांनी त्या मुलाला सोडवले. आपण ही कथा करुणेची म्हणून सांगतो, ती आहेच. पण त्यात दुसरेही काही आहे : मुलाला धोका परक्याकडून आला नव्हता, घरातूनच आला होता. आणि राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने आपले दुःख बोलून दाखवले, तेव्हा आईबापांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम भगवंतांनी संघाला घालून दिला. स्वतःच्या संघालाही लहान मुलांच्या बाबतीत नियम लावला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता जे सांगायचे आहे ते काहींना आवडणार नाही, पण ते टाळले तर या भाषणाला अर्थ नाही.

मुलांवरील लैंगिक अत्याचारासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याला सर्वजण पॉक्सो म्हणतात. अशा गुन्ह्याची माहिती ज्याला मिळाली, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे त्याचे १९ वे कलम सांगते आणि न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. ही सक्ती फक्त डॉक्टरला किंवा मास्तरला नाही. तुम्हांआम्हांला आहे, संस्थेच्या चिटणीसाला आहे, विहाराच्या विश्वस्ताला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. एवढे तरी प्रत्येकाला पाठ असावे.

ताई अशा मुलांशी कशा बोलतात, ते विचारले. त्या म्हणाल्या, कोणाला सांगणार नाही असे वचन मी कधीच देत नाही. कारण मला सांगावेच लागते, आणि आधीच फसलेल्या मुलाला मी पुन्हा फसवू शकत नाही. कोणाला सांगावे लागेल आणि का, ते मी आधी सांगते, मग गप्प बसते. कधी तासभर मूल काहीच बोलत नाही, नुसते कागदावर रेघोट्या ओढते. तोही वेळ कामाचाच असतो, पण नोंदवहीत त्याला रकाना नाही.

एका वस्तीतले प्रकरण. वस्ती आपल्याच लोकांची. अकरा वर्षांची मुलगी आणि आरोप एका मान जोडून असलेल्या माणसावर. जयंतीच्या वर्गणीत पुढे, मिरवणुकीत पुढे. शाळेतल्या बाईंनी १०९८ ला फोन केला. ही मुलांची हेल्पलाईन १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली होती आणि २०२३ पासून ती शासनाकडे आहे. दुसऱ्याच दिवशी पाचसहा ज्येष्ठ मंडळी ताईंच्या कार्यालयात आली. समाजाचे नाव खराब होईल, बाहेरचे हसतील, आम्ही आपसात मिटवतो, मुलीच्या लग्नाचा खर्चही करू, असे म्हणाली. ताईंनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिले आणि कलम १९ वाचून दाखवले. त्या मंडळींनी मुलीचे वय एकदाही विचारले नाही, असे त्या म्हणाल्या. गुन्हा नोंदला गेला. खटला पुढे चालला, पण त्या मुलीला शाळा बदलावी लागली आणि तिच्या आईला नळावर कोणी बोलेना.

आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलीवर दुसऱ्या कोणी हात टाकला तर आपण मोर्चा काढतो, निवेदने देतो, कलेक्टर कचेरीसमोर बसतो, आणि ते केलेच पाहिजे. पण हात टाकणारा आपल्यातला असला की बैठक बंद दाराआड होते. मुलीच्या दृष्टीने दोन्ही हात सारखेच असतात. समाजाची इज्जत त्या मुलीच्या गप्प राहण्यावर उभी करायची असेल, तर असली इज्जत कोणी मागितली आहे? विहारात आपण पंचशील म्हणतो, त्यातले तिसरे शील म्हणताना आवाज खाली जाता कामा नये.

बालविवाहाबद्दल फार सांगत नाही. २००६ चा कायदा बहुतेकांना ठाऊक आहे. १९४२ साली नागपूरला महिलांच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मुलामुलींच्या लग्नाची घाई करू नका, असे सांगितले होते. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरापूर्वी झालेले आढळले. हे पाचांतल्या एकीहून अधिक झाले. ताई अशी लग्ने थांबवायला जातात, तेव्हा मांडव पडलेला असतो, आचारी आलेला असतो. आईबापांकडून हमीपत्र लिहून घेतात. फोटो निघतो, वर्तमानपत्रात बातमी येते. त्यांच्या मते खरे काम त्या बातमीनंतरचे आहे. ती मुलगी पुढच्या सोमवारी शाळेत गेली का? की तिला मामाच्या गावी नेऊन तेथे अक्षता टाकल्या? गावात ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, ते बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडीच्या ताईंची त्यांना मदत असते. मुलगी अठराची होईपर्यंत कोणी तरी तिच्या दारावरून जात राहिले पाहिजे. हमीपत्र फाईलला लावून भागत नाही.

आता या माणसांची स्थिती. कक्षातली पुष्कळ पदे कंत्राटी आहेत. मानधनावर, करार नूतनीकरणाच्या टांगणीला. जिल्हाभर फिरायचे, पुष्कळदा एसटीने. समितीची बैठक, कोर्टाची तारीख आणि एखादे मूल पळाल्याचा फोन, सारे एकाच दिवशी. धमक्या येतात. ज्या आईपासून मूल काढून घ्यावे लागते, तिचे शिव्याशाप खाऊन घ्यावे लागतात, आणि ती आई वाईट असतेच असेही नाही. ताईंनी सांगितले, की नवे कार्यकर्ते दोन कारणांनी नोकरी सोडतात, एक पगार आणि दुसरे झोप. म्हणून आठवड्यातून एकदा त्या सगळ्यांना बसवून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, या आठवड्यात कोणते मूल तुमच्याबरोबर घरी आले? म्हणजे डोक्यातून गेले नाही. त्यावर बोलणे होते, कधी एखादे प्रकरण दुसऱ्याकडे दिले जाते. शासनाच्या कोणत्याही परिपत्रकात हे नसावे.

समाजकार्याचे शिक्षण कोठे मिळते, असे काही विद्यार्थ्यांनी विचारले आहे. टाटा संस्था १९३६ साली नागपाड्याच्या कामगार वस्तीत सुरू झाली, निर्मला निकेतन १९५५ सालची, आणि आता बहुतेक विद्यापीठांत समाजकार्याची पदवी व पदव्युत्तर पदवी आहे. बारावीला कमी गुण पडले म्हणून इकडे वळू नका. ज्याला लिहिता येते, ऐकता येते आणि परत परत जाण्याचा कंटाळा येत नाही, त्याने यावे.

शेवटी आपल्या संस्थेपुरते. राज्याची बाल संगोपन योजना, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, तिच्यात महिना २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वात ४००० रुपये. एक पालक गेलेल्या मुलांनाही अर्ज करता येतो, हे आपल्याच वस्तीत अनेकांना माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांचे अर्ज कागदांवाचून पडून राहतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार, शिधापत्रिका, पासबुक आणि घरासमोर पालकाबरोबर उभे राहून काढलेला मुलाचा फोटो. त्या फोटोत मुले फार अवघडून उभी असतात, पंचनाम्याला उभे केल्यासारखी; शक्य असेल तर ओळखीच्या माणसाने तो काढावा. हप्ता दरमहा वेळेवर येतोच असे नाही, आणि आल्यावर केवायसी अपुरी म्हणून अडकू नये, याची काळजी आम्ही बँकेच्या बाजूने घेऊ शकतो.

म्हणून कार्यकारिणीने ठरवले आहे, की येत्या रविवारपासून सकाळच्या वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर एक टेबल लावायचे. अर्ज भरून देणे, कागद तपासणे, एवढेच तेथे होईल. कोणाच्या घरची भानगड तेथे विचारली जाणार नाही; तसे काही कानांवर आले तर ते सरळ १०९८ वर किंवा कक्षाकडे जाईल, संस्थेच्या बैठकीत येणार नाही. झेरॉक्सचा खर्च या स्मरणिकेच्या जाहिरातींतून जे उरेल त्यातून करू. पदवीच्या वर्गातील दोन मुले आणि दोन मुली आळीपाळीने बसायला तयार झाली आहेत, आणखी नावे हवी आहेत. पहिले दोन रविवार आम्ही स्वतः बसू. तिसऱ्या रविवारी आम्ही गावी नाही, त्या दिवसासाठी ज्यांना जमेल त्यांनी आज जाण्यापूर्वी चिटणीसांकडे नाव द्यावे.